धुरा आणि मार्जिन

अकोल्याच्या बाजारात 'मार्जिन' म्हणजे तुरीच्या सौद्यात सुटणारे पैसे. जवळच्या पारसच्या वीजकेंद्रात, अडीचशे मेगावॉटचे टर्बाइन जिथे मिनिटाला ३००० फेरे घेते, तिथे त्याचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा हिशेब ठेवणाऱ्याला मार्जिने दोन लागतात: गेन मार्जिन आणि फेज मार्जिन, म्हणजे वेग डळमळू लागण्याआधी गेन किती वाढू शकतो आणि फेज किती मागे पडू शकते, ती राखीव जागा. शब्द एकच, लॅटिन 'मार्गो', म्हणजे काठ.

फारसी 'मर्ज़' (सीमा) त्याचा भाऊबंद दिसतो. त्यावरून 'मर्ज़बान', सीमेचा राखणदार. १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' काढणारे फर्दुनजी मर्झबान आडनावाने तेच. अरबी 'मरज़', म्हणजे आजार, याचा इथे संबंध नाही. संस्कृत 'मर्यादा'ही या कुळात ओढण्याचा मोह होतो. यास्काने निरुक्तात तिची फोड 'मर्य', म्हणजे माणूस, या शब्दावरून केली आहे. माणसांनी स्वीकारलेली ती मर्यादा. ही लोकव्युत्पत्तीच असावी, पण मोडवत नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र मर्यादा इथे अपुरी पडते. मर्यादा ही रेघ. मार्जिन म्हणजे रेघेच्या अलीकडे राखलेली जागा. वहीत तिला आपण 'समास' म्हणतो, पण व्याकरणातल्या समासाशी त्याचे नाते जुळवताना धाप लागते.

वऱ्हाडात याहून नेमका शब्द आहे, धुरा. पश्चिमेकडे ज्याला बांध म्हणतात तो. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू. कारभाराची धुरा त्यातून आली. औताचे जू जिथे वळवायचे ती जागा म्हणून शेताचा धुराही त्याच घरचा असावा, असा माझा तर्क. फक्त कारभाराची ती धुरा आणि शेताचा तो धुरा. धुऱ्याला रुंदी असते, म्हणून तर त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात.

'गेन' तर आणखी गमतीचा. फ्रेंचमार्गे तो एका जर्मानिक शब्दापर्यंत पोचतो. त्याचा अर्थ चरणे, चारा शोधणे, शिकार करणे असा दिसतो. आजच्या जर्मनमध्ये 'वाइडे' म्हणजे कुरण आणि 'वाइडमान' म्हणजे शिकारी. आता गेन फार वाढवला की गव्हर्नर वेग सारखा वरखाली करू लागतो, त्याला इंजिनवाले काय म्हणतात? 'हंटिंग'! योगायोगच असावा, पण असे योगायोग भाषेला शोभतात.

'फेज' ग्रीक 'दिसणे' या क्रियापदाचा. धातू आपल्या 'भा'चा सगा, म्हणजे आभा, प्रभा, भास ही सगळी त्याची चुलत भावंडे. 'थ्री फेज कधी येते?' असे मोटारपंपाशी बसून विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी हाच शब्द. मराठी शास्त्रलेखनात फेजला 'कला' म्हणतात, चंद्राच्या कलांवरून. पण जुन्या ज्योतिषात कला म्हणजे अंशाचा साठावा भागही होतो, आणि फेज मार्जिन मोजतात अंशांत. कलेचे मोजमाप अंशांत, अंशाचे पुन्हा कलांत!

या दोन मार्जिनांचे आपसातले नाते मात्र शब्दांइतके सरळ नाही. नायक्विस्टच्या १९३२ च्या आलेखात यंत्रणेचा गेन आणि फेज मिळून एक वक्र होतो, आणि धोक्याचा बिंदू उणे एक. गेन मार्जिन त्याच्याकडे अक्षावरून पाहते, फेज मार्जिन एकक वर्तुळावरून. धुरा तिरका असला तर पूर्वेकडून आणि उत्तरेकडून पावले मोजून काय कळणार? मधल्या कोपऱ्यात नांगर धुऱ्याला भिडलेला असू शकतो. दोन्ही मार्जिने भरघोस असूनही वक्र बिंदूला चाटून जातो तो असाच. उलट बाजूने गेले तर हिशेब जुळतो: बंद साखळी (फीडबॅक जोडलेली यंत्रणा) स्थिर असेल आणि वक्राचे बिंदूपासूनचे कमीत कमी अंतर अर्धा एकक असेल, तर गेन दुप्पट होईपर्यंत भीती नाही आणि फेज मार्जिन सुमारे २९ अंशांखाली जात नाही. म्हणजे अंतर दोघांची हमी देते, ती दोघे मिळून अंतराची देत नाहीत.

या अंतराला 'मॉड्युलस मार्जिन' म्हणतात. अमरावतीच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्याला खुशाल धुरा म्हणावे, आणि वऱ्हाडी रीतीने पुल्लिंगीच.