कॅटलॉगमधला लाल ‘ग’

हजेरीच्या वहीला आम्ही शिक्षक ‘कॅटलॉग’ म्हणतो. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवर माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा पहिलीच्या कॅटलॉगचं जूनचं पान बरं असायचं. आषाढ लागला की लाल शाईतल्या ‘ग’ची, म्हणजे गैरहजेरीची, रांग सुरू व्हायची. पोरं चिखलात तरवा उपटायला, पोरी धाकटं भावंड कडेवर घेऊन बांधावर. रोपलावण संपली की त्यातली काही परत यायची, काही कधीच यायची नाहीत. त्यांची नावं मात्र पटावर राहायची.

पोरं शाळेत आणण्याची ही खटपट आमच्या कोल्हापूरला फार जुनी. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण होते. हा आकडा महाराजांनी डोळ्यांआड केला नाही. वसतिगृहं निघाली, नोकऱ्यांत राखीव जागा आल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा झाला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. बडोद्यात सयाजीरावांनी हे १९०६ सालीच केलं होतं. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं बिल मात्र १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात पडलं. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवली.

मूल दाखल करणं कायद्याला जमतं, टिकवणं जमत नाही. हे पहिल्यांदा आकड्यांत मांडलं हार्टोग समितीनं, १९२९ साली. १९२२-२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली होती फक्त १८. समितीचा सल्ला असा, की आधी आहेत त्या शाळा सुधारा, नव्या काढण्याची घाई नको.

हा सल्ला मला कधीच पटला नाही. माझ्या आधी तो आमच्याच मुलखातल्या एका माणसाला पटला नव्हता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले विठ्ठल हरी घोटगे, म्हणजेच पुढचे जे. पी. नाईक. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला, तो १९४३ साली निघाला. शिक्षणाचा दर्जा हवा, पण त्यासाठी प्रसार थांबवायचा नाही, अशी त्यांची बाजू. खेड्यात राहून काम केलेला माणूस तो. पोर शाळेत का येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहिलं, त्यामागे तेच. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवही तेच. पूर्णवेळ येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षण असावं, ही शिफारस त्या अहवालात आहे. सुटलेल्या मुलाला पुन्हा मधूनच शाळेत येता यावं, यासाठी नाईक शेवटपर्यंत भांडत राहिले. शाळेनं मुलाच्या वेळेला जुळवून घ्यावं, हा विचार मला सगळ्यात मोठा वाटतो. माझ्या वाडीवर आषाढातले तीन आठवडे शाळा संध्याकाळी भरली असती, तर त्या लाल रांगेतली निम्मी पोरं तरी चौथी पास झाली असती, असं मला आजही वाटतं.

या अभ्यासकांचे आकडे शेवटी आमच्यासारख्या मास्तरांच्या वह्यांतूनच वर गेले. म्हणून एक विनंती. तुमच्या गावची शाळा जुनी असेल, तर तिथलं दाखल-खारीज रजिस्टर रद्दीत जाऊ देऊ नका. एकदा हेडमास्तरांना विचारून ते उघडा, आपल्या आजी-आजोबांचं नाव शोधा आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.