राक्षस, बाहुल्या आणि संगणक

चित्रपटातला राक्षस आता संगणकच उभा करतो, नटाचे काम संपले, असे खंडाळा तालुक्यातल्या शाळांत व्याख्यानाला गेलो की विद्यार्थी आम्हांला हमखास सांगतात. नट की यंत्र, हा प्रश्न मात्र नवा नाही. शेजारच्या सांगलीत त्याची दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती होती.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या परंपरेतल्या नाटकमंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे नटांचे तट असत. राक्षसपार्टीचा नट तोंड भडक रंगवून, आरोळ्या ठोकत, उड्या मारत येई. पुढच्या पिढ्यांनी या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवले. आम्हांला मात्र त्या आरोळीत बरेच शहाणपण दिसते. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात मागच्या प्रेक्षकाला भुवईची हालचाल कुठून दिसणार? रंग, आवाज आणि उडी तिथवर पोचत. याच भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून रंगमंचावर आणल्या. बाहुलीला हवे ते रूप देता येते, पण ती पाय आपटते तेव्हा जमीन हादरल्यासारखी वाटत नाही.

कॅमेऱ्याने दोहोंची सांगड घातली. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) नाग बनवलेला, तर कृष्ण म्हणजे त्यांची कन्या मंदाकिनी. पुढच्याच वर्षी बाबुराव पेंटरांनी कोल्हापुरात केलेल्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो कापला. कीचक होते झुंझारराव पवार. त्या काळातली एक साधी युक्ती अशी: कॅमेरा थांबवायचा, नटाच्या जागी पुतळा ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मधला काळ फिल्मवर उमटतच नाही.

संगणकातला राक्षस हीदेखील बाहुलीच. बाहेरून हजारो छोट्या पृष्ठांची जाळी, आत सांगाडा. दोऱ्यांच्या जागी प्रत्येक सांध्याच्या कोनाचे आकडे. सेकंदाला २४ चित्रे. कातडीवर पडणारा प्रकाश भौतिकीच्या नियमांनी मोजता येतो, त्यामुळे तो भाग बराच साधला. अडते ते चालण्यात. एक पाय उचलण्यापूर्वी शरीर आपला गुरुत्वमध्य दुसऱ्या पायाकडे नेते. हे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. त्यात किंचित चूक झाली तरी डोळा ती पकडतो, मग कारण सांगता न का येईना.

म्हणून नटालाच परत बोलवावे लागले. त्याच्या अंगावर खुणा लावतात, अनेक कॅमेऱ्यांनी त्यांच्या जागा टिपतात आणि ते आकडे बाहुलीच्या सांध्यांना देतात. 'द टू टॉवर्स'मधल्या (२००२) गॉलमची चाल आणि आवाज अँडी सर्किस या नटाचे. चेहरा मात्र त्याचा अभिनय समोर ठेवून ॲनिमेटरांनी हाताने घडवला. श्रेय कोणाचे, यावर बरीच चर्चा झाली. आमच्या मते ती व्हायलाच हवी होती. उलट 'आदिपुरुष'मध्ये (२०२३) संगणकाने रावणाची दहा तोंडे पाच-पाचच्या दोन थरांत रचली. ती पाहून धाक वाटण्याऐवजी अनेकांना हसू आले.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन विद्यार्थ्यांना पुठ्ठ्याची एकेक गदा द्यावी आणि ती जड आहे असे समजून उचलायला सांगावे. जो नुसता हात वर नेईल त्याची गदा पुठ्ठ्याचीच राहील. जो आधी गुडघे वाकवून कमरेतून मागे झुकेल, त्याच्या गदेला वजन आलेले सगळ्या वर्गाला दिसेल.