डोळ्यातला दाब : बसून, निजून आणि डोक्यावर

श्रोतेहो, काचबिंदू हा बहुधा चोरपावलांनी येणारा रोग. दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातला वाढलेला दाब हे त्याचं मोठं कारण. पण तो ओळखायचा कसा? पूर्वी वैद्य मिटल्या पापणीवरून दोन बोटांनी डोळा चाचपीत, आपण आंबा पिकला का पाहतो ना, तसा! लंडनच्या बोमन यांनी 1862 साली या चाचपणीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. तरी सारी भिस्त बोटांवरच.

1884 साली कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि यंत्रांची वाट सोपी झाली. 1905 साली नॉर्वेच्या श्योट्झ यांनी एक सुटसुटीत उपकरण पुढे आणलं. त्याची साडेपाच ग्रॅम भाराची दांडी बुबुळावर टेकवायची. ती जितकी कमी रुतेल तितका दाब जास्त. त्यासाठी रोग्याला उताणं निजवावं लागे. 1950 नंतरच्या दशकात बर्नच्या गोल्डमन यांचं यंत्र आलं. त्यात रोगी खुर्चीवर बसतो.

आता गंमत पाहा. बसल्यावर निरोगी डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. माणूस आडवा झाला की तो 2 ते 4 मिलिमीटरनी चढतो. रात्रभर आपण आडवेच असतो, आणि तपासणी मात्र दिवसा, बसून!

हे का होतं? डोळ्यात एक पाणी सतत झरतं आणि बारीक वाटांनी शिरांत उतरतं. ओढा तुडुंब भरला की शेतातल्या चरातलं पाणी तुंबतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. डोकं खाली गेलं की शिरांतलं रक्त तसंच फुगतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यातही रक्त भरतं, आणि दाब वाढतो.

मग शीर्षासनात काय होत असेल? चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी 75 योगाभ्यासींचे डोळे तपासले. 2006 साली ते संशोधन छापून आलं. शीर्षासनात दाब जवळजवळ दुप्पट झाला होता! सरळ झाल्यावर तो लगेच उतरला आणि या अभ्यासींत कायमचा वाढलेला दाब इतरांहून अधिक आढळला नाही, हेही सांगायला हवं. पण काचबिंदू झालेल्याची गोष्ट निराळी. तेव्हा गुरुजी, शाळेत शीर्षासन शिकवण्याआधी मुलाला डोळ्याचा काही विकार आहे का, घरात कुणाला काचबिंदू आहे का, एवढं विचारून घ्या.