आगम नलिका आणि जीपचे एंजिन

आगम नलिका : अंतर्ज्वलन एंजिनात कार्बुरेटरात तयार झालेले हवा व इंधन यांचे मिश्रण निरनिराळ्या सिलिंडरांकडे वाटून देणाऱ्या शाखायुक्त मार्गास आगम नलिका म्हणतात. तिच्या पुढचा, आगम झडपेपर्यंतचा आखूड मार्ग सिलिंडर शीर्षाच्या अथवा सिलिंडर ठोकळ्याच्या ओतकामातच घडविलेला असतो. त्यास द्वार किंवा पोर्ट म्हणतात. ओतकामात राहिलेला खडबडीतपणा, वळणावरील कंगोरे व वाळूच्या गाभ्यामुळे आलेले उंचवटे घासून हे द्वार रुंद व गुळगुळीत केल्यास एंजिन अधिक मिश्रण आत घेते आणि त्याची शक्ती वाढते. मात्र आगम नलिका मूळचीच राहिली, तर द्वारावर घेतलेल्या श्रमांपैकी किती फळास येतात हा प्रश्न एंजिनांच्या इतिहासात वारंवार उभा राहिलेला आहे. महाराष्ट्रात बनलेल्या व कोकणच्या घाटरस्त्यांवर दीर्घकाळ वापरात असलेल्या जीपच्या एंजिनात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

रत्नागिरी जिल्हा, म्हणजे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंतचा प्रदेश, दळणवळणाच्या दृष्टीने बराच काळ अडचणीचा होता. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्री आणि मध्ये खाड्यांनी तोडलेली भूमी. संपूर्ण कोकण रेल्वे मार्ग १९९८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत देशावर जाण्यासाठी आंबा, कुंभार्ली यांसारख्या घाटांतील रस्त्यांचाच आधार होता. लाल मातीचे उतार आणि पावसाळ्यातील चिखल यांतून वाट काढण्यास चारही चाकांना शक्ती पुरविणारी जीप हे सोयीचे वाहन ठरले.

जीपचे मूळ अमेरिकेतील टोलीडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीत आहे. या कंपनीच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाची शक्ती सु. ४८ अश्वशक्ती होती. डेल्मार रूस या अभियंत्याने १९३८ नंतर तिच्यात अनेक सुधारणा करून ती ६० अश्वशक्तीपर्यंत नेली. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये हेच एंजिन होते. त्याच्या आगम व निष्कास अशा दोन्ही झडपा सिलिंडराच्या बाजूला, ठोकळ्यात बसविलेल्या असत. ही रचना स्वस्त व मजबूत; परंतु तिच्यात मिश्रणाला बाजूने वर चढून, झडपेवरून वळून पुन्हा खाली सिलिंडरात उतरावे लागते. दर मिनिटास होणारे फेरे वाढू लागले की, हे वळण जाचक ठरते.

त्यावर विलीज कंपनीने काढलेला उपाय अर्धा जुना व अर्धा नवा होता. निष्कास झडपा ठोकळ्यातच ठेवून आगम झडपा तेवढ्या सिलिंडर शीर्षात नेण्यात आल्या. सिलिंडराचा व्यास (७९·४ मिमी.) व दट्ट्याची धाव (१११·१ मिमी.) यांत बदल न झाल्याने घनफळ पूर्वीइतकेच, म्हणजे सु. २,१९९ घ. सेंमी. राहिले, पण आगम झडप पुष्कळ मोठी करता आली. हे एंजिन १९५३ पासून सीजे-३बी या जीपमध्ये बसविण्यात आले. शीर्ष उंच झाले आणि कार्बुरेटरही त्याच्या माथ्यावर आला, म्हणून गाडीचे बॉनेट उंचवावे लागले. या जीपचा पुढून दिसणारा उंच, चौकोनी चेहरा म्हणजे एंजिनाच्या श्वासमार्गात झालेल्या फेरफाराची बाहेरून दिसणारी खूणच होय.

मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने जीप भारतात आणली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड महंमद या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीस १९४८ मध्ये सध्याचे नाव मिळाले. १९४७ पासून तिने विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणली व पुढे १९५० च्या दशकात विलीजच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने देशातच उत्पादन सुरू केले. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली, तरी भारतात तिचा घाट व पेट्रोल एंजिन पुढेही चालू राहिले.

जुन्या व नव्या एंजिनांच्या आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. जुन्याची शक्ती मिनिटास ४,००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती, तर नव्याची तितक्याच फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती. म्हणजे वाढ २०%. परंतु २,००० फेऱ्यांच्या सुमारास मिळणारे कमाल परिबल, म्हणजे चाके फिरविणारा जोर, जुन्यात सु. १४·५ किग्रॅ.-मी. व नव्यात सु. १५·८ किग्रॅ.-मी. आहे, ही वाढ केवळ ९% भरते. संपीडन गुणोत्तरातही थोडी वाढ केलेली होती व तिचा वाटा दोन्ही आकड्यांत आहे. तेव्हा मोकळ्या श्वासाचा निव्वळ लाभ मंद गतीला याहूनही कमी धरला पाहिजे.

असे का व्हावे? दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत मिळून एंजिन एकदा आपल्या घनफळाइतके मिश्रण ओढते. या हिशोबाने २,१९९ घ. सेंमी. चे एंजिन ४,००० फेऱ्यांना मिनिटास जास्तीत जास्त सु. ४·४ घ. मी. आणि २,००० फेऱ्यांना त्याच्या निम्मे मिश्रण घेईल. अरुंद मार्गात होणारी दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून प्रवाह निम्मा झाला की, घट एकचतुर्थांशावर येते. वेगात धावणाऱ्या एंजिनाला जो मार्ग गळा दाबल्यासारखा वाटतो, तोच सावकाश चालणाऱ्या एंजिनाला पुरेसा असतो.

कार्बुरेटर, आगम नलिका, द्वार व झडप ही एकापुढे एक अशी साखळी असल्याने त्यांतील दाबाच्या घटींची बेरीज होते. उदाहरणार्थ, नलिका व द्वार यांची प्रवाह वाहून नेण्याची क्षमता सारखी आहे असे समजू. केवळ द्वार घासून त्याची क्षमता २०% वाढविली, तर दोहोंची एकत्रित क्षमता सु. ९% नीच वाढते. नलिका मुळात द्वाराच्या ७०% क्षमतेचीच असेल, तर त्याच श्रमांचे फळ सु. ५% वर येते. म्हणजे नलिका लाभाचा पूर्ण लोप करीत नाही, पण ती जितकी अरुंद तितका लाभ आटत जातो. कारखान्यांत पुष्कळदा ऐकू येणारी ‘शीर्ष घासले की काम झाले’ ही समजूत आणि ‘नलिका बदलल्यावाचून काहीच उपयोग नाही’ ही तिच्या उलट समजूत, या दोन्ही टोकाच्या आहेत.

जीपच्या बाबतीत खरी अडचण याहून वेगळीच होती. सीजे-३बीच्या एंजिनात आगम नलिका सुटी नव्हतीच. ती सिलिंडर शीर्षाच्या ओतकामातच अंतर्भूत होती, तिच्याभोवती शीतक पाणी खेळविलेले होते आणि कार्बुरेटर थेट शीर्षावर बसे. झडपेच्या बाजूने व कार्बुरेटराच्या तोंडाकडून हत्यार जेथवर पोहोचेल तेथवरच घासकाम शक्य; मधला भाग ओतला गेला तसाच राहणार. जास्त खोल घासल्यास पाण्याच्या कप्प्याला भोक पडून शीर्ष निकामी होण्याचा धोका. सुट्या नलिकेच्या एंजिनात मालकाला निदान पुढेमागे मोठी नलिका बसविता येते; येथे ती वाट कारखान्यातच बंद झालेली होती.

इंग्लंडमधील रोव्हर कंपनीला याच अडचणीचा सामना करावा लागला. तिच्याही एंजिनांत आगम झडप शीर्षात व निष्कास झडप ठोकळ्यात असे, आणि नलिका शीर्षाबरोबरच ओतलेली असे. हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) हा एंजिनातील वायुप्रवाहाचा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या पद्धतीचे, सुटी नलिका असलेले शीर्ष बसविल्यावर रोव्हरच्या तीन लिटर गाडीची शक्ती १९६२ मध्ये ११५ वरून १३४ अश्वशक्ती झाली. द्वार व नलिका यांचा विचार एकत्र केल्यावरच ही मजल मारता आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भारतात जीपसाठी असे शीर्ष करण्याचा खटाटोप किफायतशीर ठरला असता काय, हे मात्र ती गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार यावर अवलंबून होते.

घाटाचा विचार केल्यास उत्तर बरेचसे नकारार्थी येते. जीपच्या मूळ दंतचक्रांच्या प्रमाणांनुसार दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किमी. वेगाने चढताना एंजिनाचे फेरे मिनिटास १,८०० ते १,९०० च्या आसपास असतात. हा कमाल परिबलाचाच प्रदेश असून तेथे नलिकेचा अडसर फारसा नसतो. उलट अरुंद मार्गातून मिश्रण वेगाने वाहते, पेट्रोलाचे थेंब तरंगत राहतात आणि चढावर गाडी अडखळत नाही. द्वार अवास्तव मोठे केल्यास हा गुण नाहीसा होऊन घाटातच गाडी दुबळी पडण्याचा संभव असतो. महामार्गावर सतत वेगाने धावणाऱ्या गाडीला जे हितावह, ते कोकणातील गाडीला अपायकारकही होऊ शकते.

दोन गोष्टी चालकाला अधिक जाणवत. सु. ६०० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. ६% नी कमी असते, त्यामुळे किनाऱ्यावरून निघालेल्या गाडीची शक्ती माथ्यावर पोहोचेतो तितकीच घटते. दुसरी गोष्ट उष्णतेची. पाण्याने वेढलेली नलिका थंड प्रदेशात पेट्रोलाचे बाष्पीभवन सुलभ करते. रत्नागिरीच्या उष्ण हवेत ती मदत फारशी लागत नाही, तोटा तेवढा पदरी पडतो. मिश्रण ३०° से. वरून ५०° से. पर्यंत तापल्यास त्याची घनता पुन्हा सु. ६% नी उतरते. घासकामातून मिळणारा लाभ साधारण याच मापाचा, म्हणून शीतकाची व्यवस्था, झडपांची बैठक व कार्बुरेटराची जुळणी यांकडे लक्ष देणाऱ्या कारागिराने घाटातील गाडीचे जास्त भले केले असे म्हणता येते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले व जीपमध्ये डीझेल एंजिनांचा प्रसार झाला. प्रथम ट्रॅक्टराच्या एंजिनावर आधारलेले आणि १९८० च्या दशकात फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घ. सेंमी. चे डीझेल एंजिन महिंद्राच्या गाड्यांत येऊ लागले. डीझेल एंजिनात नलिकेतून केवळ हवा वाहते. इंधन नंतर अंतःक्षेपकाद्वारे सोडले जाते. कार्बुरेटराचा अरुंद गळा तेथे नसतो, आणि नलिकेत इंधन साचण्याचा किंवा एका सिलिंडरास कमी व दुसऱ्यास जास्त इंधन मिळण्याचा प्रश्नही उरत नाही. अशा एंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी पुढे द्वार घासण्याऐवजी निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकाने नलिकेत दाबाखाली हवा भरण्याची पद्धत रूढ झाली. तीतही तापलेली हवा सिलिंडरात शिरण्यापूर्वी थंड करावी लागते, आणि त्यासाठी वाटेत स्वतंत्र शीतक बसविला जातो.