डॅशबोर्डची निगा

डॅशबोर्डची निगा : मोटारीच्या पुढच्या काचेखालचा, स्टिअरिंगपासून डाव्या दारापर्यंत पसरलेला दर्शनी भाग रेघा व चट्टे न उमटवता पुसणे आणि ऊन, धूळ व दमट हवेपासून जपणे. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानापुढे एक फळी ठोकलेली असे, तिचे हे नाव. पुढे मोटार आली, घोडा गेला, नाव तेवढे राहिले.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जुन्या फियाटचा डॅशबोर्ड मुख्यतः रंगवलेल्या पत्र्याचा होता. ओल्या फडक्याने पुसला की काम होई. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि घरोघरच्या गाडीत प्लास्टिकचा डॅशबोर्ड रुळला. आज एकाच डॅशबोर्डवर चार-पाच जातींचे पृष्ठभाग असतात : वरचा खरबरीत पॉलिप्रॉपिलीनचा भाग, काही गाड्यांत फोमवर चढवलेले मऊ व्हिनाइल, मधली चकचकीत काळी पट्टी, मीटरवरचे पारदर्शक पॉलिकार्बोनेट आणि टचस्क्रीन. या सगळ्यांवर एकच द्रव आणि एकच फडका फिरवला जातो. रेघांची सुरुवात तिथेच होते.

डॅशबोर्डची हानी गाडी कशी वापरली जाते यावरही ठरते, आणि मुंबईजवळच्या विरारमधली रीत या बाबतीत महत्त्वाची आहे. नोकरदार माणूस सकाळी लोकलने मुंबईकडे जातो आणि गाडी सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला दिवसचे दिवस बंद उभी राहते. रविवारी ती जीवदानी देवीच्या दर्शनाला किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाते, नाहीतर विरार फाट्यावरून महामार्गाला लागते. चालवल्याने गाडी झिजते हे सर्वांना ठाऊक आहे, पण इथल्या डॅशबोर्डचे जास्त नुकसान गाडी उभी असतानाच होते. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीतील हवा सरासरी सुमारे ४७ अंश, तर डॅशबोर्ड ६९ अंश सेल्सियसपर्यंत तापलेला आढळला. अशा उष्णतेत व्हिनाइल मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू उडून जातात. काचेच्या आतल्या बाजूस जो धुरकट, चिकट पापुद्रा बसतो त्यातला बराच भाग याच द्रव्यांचा असतो. डॅशबोर्ड पुसला की काचही आतून पुसावी ती यासाठी. मऊपणा गेलेले व्हिनाइल आधी ताठ होते आणि मग तडकते.

रेघा का उमटतात, याचे उत्तर बहुतेक वेळा बादलीत सापडते. किनाऱ्याजवळच्या अनेक भागांत कूपनलिकेचे पाणी मचूळ असते. ते सुकले की क्षार मागे राहतात आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरट ओघळ दिसतात. पहाटे सोसायटीतल्या गाड्या पुसणारी मंडळी एका बादलीत, एका फडक्यावर अनेक गाड्या उरकतात. बाहेरच्या पत्र्यावरची रेती त्याच फडक्यातून आत येते आणि चकचकीत पट्टीवर बारीक ओरखडे पाडते. यात दोष त्या कष्टकऱ्याचा नाही. आतल्या कामासाठी दोन वेगळे फडके मालकाने द्यावेत. तिसरे कारण घाईचे आहे : तापलेल्या डॅशबोर्डवर फवारलेला द्रव पुसण्याआधीच सुकतो आणि साबण जागच्या जागी चिकटून बसतो. चौथे कारण द्रव गरजेपेक्षा जास्त घेण्याचे आहे.

म्हणून काम सावलीत, डॅशबोर्ड हाताला गार लागत असताना करावे. आधी कोरडी सफाई. रंगकामाचा नवा मऊ ब्रश एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी आणि काचेच्या बुडाशी असलेल्या झरोक्यांतून फिरवावा, दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमची नळी जवळ धरावी. मग सौम्य कार शाम्पू भरपूर पाण्यात पातळ करून तो फडक्यावर घ्यावा, डॅशबोर्डवर थेट फवारू नये. मायक्रोफायबरचा फडका चौघडी करून घेतला की आठ स्वच्छ बाजू मिळतात. हातभर भाग पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा आणि मगच पुढे सरकायचे. शेवटचा हात डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने, हलका. गोल गोल घासण्याची सवय रेघांना बोलावणे धाडते. शेवटच्या पाण्यासाठी घरातल्या आरओ फिल्टरचे पाणी घेतले तर पांढरे ओघळ टळतात. मीटरची काच व टचस्क्रीन यांना जेमतेम दमट फडका पुरे. अमोनिया किंवा स्पिरिट असलेला काचेचा द्रव तिथे वापरू नये. फडके धुताना कपडे मऊ करणारे कंडिशनर घातले तर त्याचा मेणकट थर धाग्यांत बसतो आणि पुढच्या वेळी रेघा हमखास येतात.

नव्या गाडीची पूजा हा इथल्या डॅशबोर्डच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रसंग. गाडी आली की जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी नेली जाते. दसऱ्याला झेंडूचे तोरण चढते, हळद-कुंकू लागते, अक्षता पडतात. अक्षतांचे दाणे आणि झेंडूच्या पाकळ्या नेमक्या काचेखालच्या झरोक्यात घरंगळतात. त्या त्याच दिवशी काढाव्यात, कारण पावसाळ्यात हाच झरोका काचेवरचे धुके घालवतो. कुंकू व गुलाल पडल्यावर पहिली चूक होते ती ओला फडका लावण्याची. पाणी लागले की कोरड्या भुकटीचा रंग होतो आणि तो खरबरीत प्लास्टिकच्या कणाकणांत उतरतो. भुकटी आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने कोरडीच उचलावी. हळदीचा फिकट डाग राहिला तर घासत बसू नये. हळदीचा रंग उन्हात आपोआप विरतो.

मूर्ती कुठे बसवायची, हा प्रश्न श्रद्धेइतकाच सुरक्षिततेचा आहे. नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना लागू झाली. ही दुसरी एअरबॅग डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या आत असते आणि धडकेच्या वेळी क्षणार्धात झाकण फोडून बाहेर येते. त्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती, घड्याळ किंवा अत्तराची बाटली प्रवाशाच्या तोंडावर आदळू शकते. मूर्ती मधोमध, झाकणापासून दूर आणि लहान असावी. जुनी मूर्ती काढायची तर ओढू नये : हेअर ड्रायरने डबल टेप कोमट करावी, शिवणाचा जाड दोरा मूर्तीखाली घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा, उरलेल्या गोंदाला खोबरेल तेलाचे बोट लावून पाच मिनिटे थांबावे आणि शाम्पूच्या पाण्याने तेल पूर्ण काढावे. तेल राहिले तर धूळ तिथेच चिकटते. अत्तराच्या बाटलीतून गळलेला द्रव तर प्लास्टिकचा वरचा थरच मऊ करतो, तो डाग परत निघत नाही.

आता पॉलिशबद्दल. वॉशिंग सेंटरमध्ये शेवटी ज्या फवाऱ्याने डॅशबोर्ड आरशासारखा चमकतो, त्यात बहुधा सिलिकॉन तेल असते. ही चमक म्हणजे संरक्षण नव्हे. तेलकट थरावर धूळ बसते, ती पुसताना पट्टे उमटतात, ते झाकायला पुन्हा पॉलिश, असे चक्र सुरू होते. त्याहून गंभीर बाब चकाकीची. संध्याकाळी विरारहून अर्नाळ्याकडे निघालेल्या गाडीत सूर्य समोर असतो. चमकदार डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेवर पडते आणि पुढचा सायकलवाला दिसेनासा होतो. मूळ मंद पोत हाच डॅशबोर्डचा खरा पोत आहे. ज्यांना लेप हवाच असेल त्यांनी पाण्यावर आधारलेला, ऊनरोधक, मंद पोताचा घ्यावा, एक-दोन थेंब फडक्यावर पसरून लावावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढावा. स्टिअरिंग, गिअरचा दांडा व पेडल यांना काहीही लावू नये, हात-पाय घसरतात.

उन्हापासून खरा बचाव सावलीच करते. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते आणि ती बहुतेक अतिनील किरण अडवते. बाजूच्या काचा एकेरी असतात, त्यांतून ते जास्त येतात. काळी फिल्म लावण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाने बंद झाला. म्हणून गाडी उभी करताना पुढच्या काचेमागे चंदेरी घडीचा पडदा लावावा. तो किरणांबरोबर उष्णताही परतवतो.

जून ते सप्टेंबर हा वेगळाच काळ. आठवडाभर बंद गाडीत पांढरी बुरशी आधी स्टिअरिंगवर आणि मग डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत दिसते. ओली छत्री व पायपुसणी गाडीत ठेवू नयेत. बुरशी आलीच तर दारे उघडून, नाकाला रुमाल बांधून दमट फडक्याने टिपावी, समभाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचा हलका हात द्यावा आणि लगेच कोरडे करावे. गाडी कुठे न्यायची नसली तरी पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी ती सुरू करून पंधरा मिनिटे एसी चालवावा. आवारात मोकळ्या हवेत उभी असतानाच हे करावे, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही.