कवळाण्याहून बडोद्याला

आमच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. बाजरी, कांदा, थोडीफार डाळिंबं, बाकी माळरान. ११ मार्च १८६३ रोजी इथल्या एका शेतकऱ्याच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बापाचं नाव काशीराव, आईचं उमाबाई. आडनाव गायकवाड. बडोद्याच्या राजघराण्याचीच ही शाखा, पण इकडे येऊन शेतीत रुजलेली.

आता बडोदं म्हटलं की मोठं नाव वाटतं. १८७५ साली तसं नव्हतं. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराने संस्थान पार बदनाम झालं होतं. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेयर याला विष घालण्याचा आरोप महाराजांवर आला, चौकशी बसली, आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना गादीवरून काढलं. तिजोरीची दैना आणि रयत पिचलेली. अशा राज्यात आपलं पोर कोण पाठवील?

काशीरावांनी पाठवलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई दत्तक घ्यायला मुलगा शोधत होत्या. काशीरावांची तीन मुलं, आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. त्यांतला मधला गोपाळ त्यांनी निवडला. राज्य करायला आलोय, असं ते पोर म्हणाल्याची गोष्ट आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत. खरी खोटी देव जाणे. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. वय बारा. तोवर लिहिणं-वाचणं ठाऊक नव्हतं.

मला ही गोष्ट बाराव्या वर्षीच कळली. माझा जन्म १९६०चा. त्याच साली १ मेला गुजरात वेगळं झालं आणि बडोदं आमच्यासाठी परराज्य झालं. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळं गाव खडी फोडायला जायचं, आम्हा पोरांना सुखडी मिळायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला नुसता गाळ राहिला. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तेव्हा सतरा वर्षांचा. गावातला एक माणूस बडोद्याला कारखान्यात होता, त्याच्यासोबत दादा निघाला. आईने फडक्यात भाकरी बांधली. आबा एवढंच म्हणाले, "तू जाय. आठे काय शे?" आणि मग त्याला धीर यावा म्हणून कवळाण्याच्या पोराची गोष्ट सांगितली. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

सयाजीरावांचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. दिवाण सर टी. माधवरावांनी राज्याची घडी बसवली, इलियट साहेबाने पोराला शिकवलं. डिसेंबर १८८१ मध्ये पूर्ण अधिकार हाती आले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ साली ते सगळ्या राज्यात नेलं. गावोगाव वाचनालयं काढली, पेट्यांतून पुस्तकं फिरवली. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. आमच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके त्यांच्याच कलाभवनात शिकले. मला वाटतं, बाराव्या वर्षापर्यंत पाटी न पाहिलेल्या माणसालाच शाळेची किंमत इतकी कळू शकते. मी दहावीला थांबलो, म्हणून हे जास्तच जाणवतं.

पण नव्या मुलखात सगळ्यांना सारखी जागा मिळते असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तर राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत उतरले, तिथूनही लोकांनी हुसकावलं. एवढा शिकलेला माणूस, पाठीशी खुद्द महाराज, आणि तरी गावाने दार उघडलं नाही.

दादाला दार मिळालं. आधी हमाली, मग कारखान्यात कायम, मग दोन खोल्या. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. आमच्या विहिरीचं खोदकाम आणि पहिलं इंजिन त्या पैशांतून झालं. सातबाऱ्यावर त्याचा रुपया कुठे दिसत नाही. आबा गेल्यावर तो आला आणि हक्कसोडीवर सही करून मोकळा झाला. मी घे म्हणालो नाही, नको म्हणालो नाही, कागद पुढे सरकवला. जाताना म्हणाला, "उन्हाळी कांद्याची एक गोणी धाडत जा, बस." ती मी दरसाल धाडतो. पण त्या गोणीने हिशेब फिटत नाही, हे मलाही कळतं.

गोपाळरावांमागे वडील आणि भाऊही बडोद्याला गेले. आमच्यात एक गेला, एक राहिला. जाणाऱ्याच्या गोष्टी होतात. राहणाऱ्याकडे जमीन उरते, आणि ती कोणाच्या जिवावर उरली ते तो सहसा बोलत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

तेल्या रोगाने आमची डाळिंबाची बाग गेली, ती उपटावी लागली. आता धाकटा मुलगा म्हणतो, काकांकडे बडोद्याला जातो. दादाला फोन केला तर म्हणाला, "पाठव, खोली आहे." आबांचं वाक्य मला म्हणता आलं नाही. कारण आठे काय शे, तर विहीर शे, आणि ती दादाची शे. एवढं मात्र ठरवलंय की पोरगा जाण्याआधी तलाठ्याकडे जायचं आणि दादाच्या मुलांच्या नावे दोन एकर कसे करता येतील ते विचारायचं. दादाला अजून सांगितलेलं नाही. तो नकोच म्हणेल.