एका नेमणुकीची फलश्रुति

विद्यापीठाच्या रुग्णालयांत एखाद्या शाखेला प्रमुख नेमावयाचा प्रसंग आला कीं, निवड करणाऱ्यांपुढें दोन तऱ्हेचे उमेदवार उभे राहतात. एकाची कीर्ति अगोदरच दूरवर पसरलेली असते; त्याला आणलें कीं संस्थेचें नांव दुसऱ्या दिवसापासून मोठें होतें. दुसऱ्याजवळ कीर्ति नसते, कामाची चिकाटी तेवढी असते. त्याला नेमणें म्हणजे बी पेरून पावसाची वाट पाहणें होय. पहिली निवड सोपी आणि निर्धोक असते. दुसरीचें फळ दहापंधरा वर्षांनीं पदरांत पडतें आणि तोंपर्यंत धीर धरावा लागतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रुग्णालयांत १९३० सालीं ह्या दुसऱ्या प्रकारची एक निवड झाली. मुलांच्या हृद्रोगाचें जें शास्त्र आज जगभर मान्य झालें आहे, त्याचा उगम पुष्कळ अंशीं त्या निवडींत सांपडतो.

जॉन्स हॉपकिन्स हा बाल्टिमोरचा एक धनिक व्यापारी. १८७३ सालीं तो वारला तेव्हां त्यानें विद्यापीठ आणि रुग्णालय ह्यांसाठीं सत्तर लक्ष डॉलर ठेवले होते. रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. वैद्यकीय विद्यालयाला मात्र पैसा पुरेना. ती अडचण मेरी गॅरेट ह्या बाईंनीं आणि त्यांच्या मैत्रिणींनीं निधि उभारून दूर केली. पण स्त्रियांस पुरुषांच्याच बरोबरीनें प्रवेश मिळाला पाहिजे अशी अट घातली. अट मान्य झाली आणि १८९३ सालीं विद्यालय सुरू झालें. प्रस्तुत कथेचें एक दार अशा रीतीनें सदतीस वर्षें आधींच उघडून ठेवलेलें होतें.

बालरोगांसाठीं ह्या रुग्णालयाशीं जोडलेली एक निराळी वास्तु होती. अध्यक्ष बुकॅनन ह्यांची भाची हॅरिएट लेन हिचे दोन मुलगे कोवळ्या वयांत वारले होते. तिनें मागें ठेवलेल्या देणगींतून १९१२ सालीं हें ‘हॅरिएट लेन होम’ सुरू झालें. १९२७ सालीं येल विद्यापीठांतून एडवर्ड्‌स पार्क हे बालरोगशाखेचे प्रमुख प्राध्यापक म्हणून तेथें आले. मुडदुसावरील संशोधनाबद्दल ते विख्यात होते. सर्व बालरोग एकाच वैद्यानें सारख्याच बारकाईनें जाणणें ह्यापुढें शक्य नाहीं, हें ओळखून त्यांनीं एकेका विकारासाठीं स्वतंत्र चिकित्सालयें काढण्याचा उपक्रम केला. हृद्रोगाचें चिकित्सालय त्यांपैकींच एक.

त्या काळीं हृद्रोगशास्त्र नुकतेंच डोकें वर काढीत होतें. हॉलंडमधील आइंटहोव्हेन ह्यांनीं हृदयांतील विजेचा आलेख काढणारें यंत्र शतकाच्या आरंभीं सिद्ध केलें. त्याबद्दल त्यांस १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत हृद्रोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था निघाली. परंतु बहुतेकांचें लक्ष मोठ्या माणसांच्या हृदयाकडे होतें. मुलांमध्यें संधिवाताच्या ज्वरानें हृदयाच्या झडपा निकामी होत. त्यांवर विश्रांतीवांचून फारसा उपाय नव्हता. जीं मुलें जन्मतःच हृदयांत दोष घेऊन येत, त्यांच्यापुढें तर वैद्य हात टेकीत. मृत्यूनंतर अशा हृदयाचें परीक्षण करावें, वर्णन लिहावें आणि तें बरणींत जपून ठेवावें, येथपर्यंतच शास्त्राची मजल होती. जेथें रोगी बरा होण्याची आशा नाहीं, तेथें कीर्तिमान् वैद्यास आकर्षण तें कसलें?

ह्या चिकित्सालयाचें प्रमुखपद पार्क ह्यांनीं १९३० सालीं हेलन टॉसिग नांवाच्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या स्त्रीच्या हातीं दिलें. टॉसिगबाई १८९८ सालीं जन्मल्या. वडील हार्वर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. आई मात्र मुलगी अकरा वर्षांची असतांना क्षयानें वारली. लहानपणीं अक्षरें डोळ्यांपुढें उलटसुलट होत, त्यामुळें वाचन शिकतांना त्यांस अतोनात कष्ट पडले. वैद्यक शिकावेंसें वाटलें तेव्हां हार्वर्डनें स्त्री म्हणून पदवी देण्याचें नाकारलें. एका वर्गांत बसण्यापुरती परवानगी मिळाली, तीही पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर बसण्याच्या अटीवर. मग त्या बोस्टन विद्यापीठांत शरीररचनाशास्त्र शिकूं लागल्या. तेथील अध्यापक बेग ह्यांनीं बैलाचें हृदय त्यांच्या हातीं देऊन त्याचा अभ्यास करण्यास सांगितलें आणि पुढें बाल्टिमोरला जाण्याचा सल्ला दिला. जॉन्स हॉपकिन्सचें दार गॅरेटबाईंच्या अटीमुळें उघडें होतें. तेथें १९२७ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली, एक वर्ष हृद्रोगाचा अभ्यास केला आणि नंतर मुलांच्या रुग्णालयांत उमेदवारी केली. ह्या साऱ्यांत आणखी एक उणीव होती. त्यांस ऐकूं कमी येई, आणि हें बहिरेपण वाढत चाललें होतें. नळी कानास लावून हृदयाचे ठोके ऐकणें हेंच ज्या शाखेचें मुख्य साधन, तिची प्रमुख कानांनीं अधू! निवडसमितीच्या नेहमींच्या तराजूंत असा उमेदवार टिकला असता असें म्हणवत नाहीं.

पार्क ह्यांचें मोठेपण नेमणूक करण्यांत आहेच. परंतु नेमणुकीनंतर त्यांनीं जें केलें, त्यांत तें अधिक दिसतें. टॉसिगबाईंचा ओढा संधिवाताच्या ज्वराकडे होता. पार्क ह्यांनीं आग्रहपूर्वक त्यांस जन्मजात दोषांकडे वळविलें. चिकित्सालयांत क्ष-किरणांचा पडदा बसविला, म्हणजे धडधडणारें हृदय सर्व बाजूंनीं प्रत्यक्ष पाहतां यावें. विजेच्या आलेखाचें यंत्रही हाताशीं होतें. ह्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनीं वेळ दिला. दरवर्षीं शोधाचा हिशेब मागितला नाहीं. त्याच १९३० सालीं पार्क ह्यांनीं लिओ कॅनर ह्यांस मुलांच्या मनोविकारांचें काम उभारण्यास आणलें. स्वमग्न मुलांचें पहिलें प्रसिद्ध वर्णन कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं केलें. एकाच वर्षांतील दोन निवडी इतक्या फळाव्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्या रानांत अजून पाऊलवाट पडलेली नाहीं, तेथें जाणारा माणूस कसा असावा ह्याची पार्क ह्यांना पारख होती.

टॉसिगबाईंनीं बहिरेपणावरही मात केली. त्या मुलाच्या छातीवर बोटें ठेवीत आणि कानांनीं कळावयाचें तें स्पर्शानें ओळखीत. मूल जिवंत असतां पाहिलेलें, आणि तें गेल्यावर त्याच्या हृदयांत आढळलेलें, ह्यांचा मेळ त्यांनीं वर्षानुवर्षें घातला. निळ्या मुलांकडे त्यांचें विशेष लक्ष होतें. ह्या मुलांचे ओठ आणि नखें निळसर असत. चार पावलें चाललीं कीं तीं धाप लागून उकिडवीं बसत. त्यांपैकीं पुष्कळांच्या हृदयांत चार दोष एकत्र असत. मार्सेय येथील फॅलो ह्या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं त्यांचें वर्णन करून ठेवलें होतें. हृदय दुर्बळ होऊन हीं मुलें दगावतात, असा सर्वसाधारण समज. टॉसिगबाईंस निराळेंच दिसलें. गर्भावस्थेंत महाधमनी आणि फुप्फुसधमनी ह्यांना जोडणारी एक लहान नळी असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. ज्या निळ्या मुलांची ही नळी उघडी राही, तीं त्यांतल्या त्यांत बरीं असत. नळी मिटली कीं त्यांची प्रकृति झपाट्यानें ढासळे. ह्याचा अर्थ असा कीं, मुलाचा घात रक्त फुप्फुसांपर्यंत पुरेसें न पोंचल्यानें होतो. मग अशी नळी हातानें कां करूं नये?

१९३८ सालीं बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस ह्या शस्त्रवैद्यानें उघडी राहिलेली तीच नळी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या. परंतु नळी बंद करणाऱ्याला नवी नळी घडविण्यांत स्वारस्य वाटलें नाहीं. त्या रिकाम्या हातीं परतल्या.

येथें दुसऱ्या एका नेमणुकीचा संबंध येतो. १९४१ सालीं जॉन्स हॉपकिन्सनें शस्त्रक्रियाशाखेचे प्रमुख म्हणून आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांस बोलावलें. हे ब्लेलॉक ह्याच विद्यालयाचे १९२२ सालचे पदवीधर. पण शस्त्रक्रियेंतील वरची जागा तेव्हां त्यांस मिळाली नव्हती, म्हणून ते १९२५ सालीं नॅशव्हिल येथील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठांत गेले होते. तेथें आघातानें येणाऱ्या मूर्च्छेवर त्यांनीं मोलाचें संशोधन केलें. त्यांच्या प्रयोगशाळेंत १९३० पासून व्हिव्हियन टॉमस नांवाचा एक कृष्णवर्णीय तरुण साहाय्यक होता. तो मूळचा सुतारकाम करणारा. वैद्यक शिकण्यासाठीं त्यानें सांठविलेला पैसा बँक बुडाल्यानें गेला होता. त्याच्या बोटांतील कसब असें कीं, प्रयोगांतील नाजूक शस्त्रक्रिया हळूहळू त्याच्याच हातीं आल्या. नोकरीच्या वर्गवारींत मात्र तो झाडूवाल्यांत मोडे. डेट्रॉइटमधील एका रुग्णालयानें टॉमसला त्याच्या वर्णामुळें घेण्याचें नाकारलें, तेव्हां तेथील प्रमुखपद ब्लेलॉक ह्यांनीं सोडून दिलें होतें. बाल्टिमोरला येतांना त्यांनीं टॉमसला बरोबर आणलें.

टॉसिगबाईंनीं आपली कल्पना ह्या दोघांपुढें मांडली. पुढें सुमारें दोन वर्षें टॉमस प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करून पाहत होता. सुयांपासून चिमट्यांपर्यंत लागणारीं साधनें त्यानेंच जुळवून घेतलीं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या, वजनानें जेमतेम चार किलो भरणाऱ्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी एक धमनी वळवून फुप्फुसधमनीस जोडावयाची होती. ब्लेलॉक ह्यांच्या मागें एका चौरंगावर उभा राहून टॉमस प्रत्येक टांका कसा घालावयाचा तें सांगत होता. ती मुलगी सुधारली. परंतु कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वारली. तिसरा रोगी सहा वर्षांचा मुलगा. त्याच्या धमनीवरील चिमटे सोडतांच ओठांचा निळेपणा मेजावरच ओसरला आणि गुलाबी रंग चढला. मे १९४५ मध्यें ह्या तीन शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींचे आईबाप आपलीं निळीं मुलें घेऊन बाल्टिमोरची वाट धरूं लागले. ह्या उपायानें हृदयांतील दोष मुळांतून जात नव्हता. तो प्रत्यक्ष दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया १९५४ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत लिलेहाय ह्यांनीं केली. परंतु मुलाच्या हृदयविकारावर हातानें इलाज होऊं शकतो, हा विश्वास बाल्टिमोरनें दिला.

इतकें झाल्यावर ह्या इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. १९४५ च्या त्या वृत्तांतावर ब्लेलॉक आणि टॉसिग हीं दोनच नांवें होतीं; टॉमसचें नांव नव्हतें. त्याला विद्यापीठानें सन्मान्य पदवी दिली ती १९७६ सालीं, आणि १९८५ सालीं तो वारला. टॉसिगबाईंचा ‘हृदयाचे जन्मजात दोष’ हा महाग्रंथ १९४७ सालींच प्रसिद्ध झाला होता. तरी पूर्ण प्राध्यापकाची पदवी त्यांस मिळावयास १९५९ साल उजाडलें. म्हणजे एकोणतीस वर्षें एका शाखेचें नेतृत्व त्यांनीं केलें, तें त्या नेतृत्वाला शोभेल अशा पदावांचून. विश्वासानें काम सोंपविणें संस्थेला साधलें. त्या कामाचा मान वेळेवर देणें साधलें नाहीं. १९६५ सालीं त्या अमेरिकेंतील हृद्रोगसंस्थेच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

हिंदुस्थानचाही ह्या कथेशीं धागा जुळतो. टॉसिगबाईंच्या चिकित्सालयांत देशोदेशींचे तरुण वैद्य शिकावयास येत. ब्रह्मदेशांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉक्टर पद्मावती त्यांपैकीं एक. शिक्षण आटोपून त्या १९५३ सालीं परतल्या, तेव्हां आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ह्यांनीं त्यांस दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय विद्यालयांत आणलें. स्त्रियांसाठीं १९१६ सालीं निघालेल्या त्या विद्यालयांत त्यांनीं १९५४ सालीं हृद्रोगाचें चिकित्सालय आणि हृदयपरीक्षणाची प्रयोगशाळा उभी केली. उत्तर हिंदुस्थानांतील ती तशी पहिलीच. २०२० सालीं, वयाच्या १०३ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. एका शाखेला योग्य प्रमुख मिळाला म्हणजे त्याच्या हाताखालून दुसऱ्या शाखांचे प्रमुख तयार होतात, ह्याचें हें घरचें उदाहरण.

प्रमुख निवडतांना पदव्या मोजाव्या, अनुभव पाहावा, शिफारशी वाचाव्या, हें सर्व योग्यच. परंतु शिफारसपत्रांत न लिहिलेल्या तीन गोष्टी ह्या कथेंत ठळक दिसतात. ज्या रोग्यांस इतरांनीं सोडून दिलें, त्यांच्यापाशीं हा उमेदवार दहा वर्षें बसेल काय? त्याला लागणारीं साधनें आणि माणसें देण्यास संस्था तयार आहे काय? आणि काम फळास आल्यावर तिचा मान ती त्या सर्वांना देईल काय? बाल्टिमोरनें पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर चोख दिलें. तिसऱ्याचें उत्तर द्यावयास तिला फार उशीर लागला. आणि तो उशीर ज्यांना सोसावा लागला, त्यांच्याच हातांनीं तीं निळीं मुलें गुलाबी झालीं होतीं.